वॉट वाढले, वाकणं राहिलं

पाऊस लागला की ट्रायथलॉनवाल्यांच्या सायकली घरात येतात. हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकतो, कुणाच्या सायकलचं मागचं चाक निघतं, कुणाचं रोलरवर दाबून बसतं, ट्रेनर घरघरायला लागतो आणि पंखा पाचवर. तासाभराने स्टोरी पडते. फरशीवर घामाचं थारोळं, स्क्रीनवर वॉटचा आकडा, खाली ‘नो एक्स्क्यूज’. पुणे, कोल्हापूर, नाशिक, ठाणे, कुठलाही ग्रुप उघडून बघा. जून ते सप्टेंबर हेच चालतं.

एकदा त्या स्टोरीतला आकडा सोडून फोटोतल्या माणसाकडे बघा. पाठ ताठ, कोपरं सरळ, हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, एखादा तर हात सोडूनच बसलेला. मान खाली, कारण मोबाईल हँडलवर अडकवलाय आणि त्यावर वेब सीरिज चालू आहे. हँडलवर एरोबार लावलेत, म्हणजे ते पुढे आलेले दोन दांडे आणि कोपर टेकायच्या गाद्या. त्यांच्यावर टॉवेल वाळत घातलाय.

हे मला पटत नाही. घरातल्या ट्रेनरवर घालवलेले चार महिने जर शर्यतीत ज्या पोझिशनमध्ये बसायचं आहे त्या पोझिशनमध्ये घालवले नसतील, तर त्यातली बरीच मेहनत भलत्याच खात्यात जमा होतेय. वॉट वाढले असतील, नाही म्हणत नाही. पण शर्यतीच्या दिवशी ते सगळे वापरता येतील, याची खात्री नाही.

गोव्याचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेकांची नजर तिथेच असते. आयर्नमॅन ७०.३ गोवा ही शर्यत २०१९ मध्ये सुरू झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. सगळं मैलांत मोजून बेरीज केली की ७०.३ होतात, म्हणून ते नाव. शर्यत असते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास. म्हणजे तयारीचे खरे महिने भर पावसाचे. युरोप-अमेरिकेतली मंडळी बर्फामुळे घरात सायकल चालवतात, आपण पावसामुळे. फरक इतकाच की त्यांचा हिवाळा संपल्यावर शर्यतीआधी त्यांना रस्त्यावर सराव करायला वेळ मिळतो. आपला पाऊस संपतो आणि शर्यत दारात उभी. त्यामुळे ट्रेनरवर जे शिकाल, तेच घेऊन गोव्याला जाल.

आता हिशेब बघा. ९० किलोमीटर ताशी २८ च्या सरासरीने गेलात तरी सव्वातीन तास सायकलवर जातात. शर्यतीतला सगळ्यात मोठा तुकडा हाच. त्यात, पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा, ज्याला ड्राफ्टिंग म्हणतात, ते आपल्यासारख्या वयोगटात उतरणाऱ्यांना चालत नाही. पकडलं तर पेनल्टी. म्हणजे सव्वातीन तास तुम्ही आणि समोरचा वारा, मध्ये कुणी नाही.

बारावीचं फिजिक्स अजून डोक्यात असेल तर आठवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. वेग १० टक्के वाढवायचा तर १.१ चा घन करा, १.३३ येतो. हवेपुरतं बघितलं तर ३३ टक्के जास्त ताकद. एवढे वॉट एका पावसाळ्यात वाढवणारा मला तरी भेटलेला नाही. आणि सपाट रस्त्यावर ताशी तिशीच्या वर गेलात की पायांची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. त्या हवेला सगळ्यात जास्त अडतं कोण? सायकल नाही, तुम्ही. छाती, खांदे, डोकं. म्हणून हे सगळं आवरून घेऊन बसणं हा वेग वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. कार्बनची जाडी चाकं नंतर.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला १९८९ च्या टूर द फ्रान्सचा. शेवटच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकट्याने, घड्याळाविरुद्ध पळायची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड ५० सेकंदांनी मागे होता. इतक्या कमी अंतरात एवढी पिछाडी भरून निघणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. लेमॉन्डने हँडलला एरोबार लावले होते, जे तोवर ट्रायथलॉनवाल्यांची भानगड मानले जायचे. समोर फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ, नेहमीच्या पद्धतीने हात रुंद करून, डोक्यावर हेल्मेट नाही, मागे उडणारी शेंडी. लेमॉन्डने त्याला त्या तुकड्यात ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन आठवड्यांची अख्खी शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. सगळं श्रेय त्या दांड्यांना देणं बरोबर नाही, फिन्याँ त्या दिवशी सीटच्या जखमेनेही बेजार होता. (हे सीटच्या जखमेचं लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचंय.) पण त्यानंतर एरोबारला कुणी हसलं नाही.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. हे सगळं रस्त्यावर ठीक, पण घरात हवा आहेच कुठे? उभ्या सायकलवर वाऱ्याचा काय संबंध? मग आरामात बसून जास्त वॉट मारले तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद ग्रुपवर दर पावसाळ्यात येतो, आणि पहिल्यांदा ऐकला की पटतोसुद्धा.

पण वाकून बसलं की बदलतो तो नुसता वारा नाही, तुमचं शरीर बदलतं. धड खाली आलं की पोट आणि मांडी यांच्यातला कोन मिटत जातो. पेडल वर येतं तेव्हा गुडघा जवळपास छातीकडे येतो. कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू वेगळ्या लांबीवर काम करायला लागतात. पोट दाबलं जातं, श्वास उथळ होतो. खांदे आणि कोपरं वरच्या शरीराचं वजन पेलतात, आणि मान? ती सगळ्यात बिचारी. धड आडवं, पण रस्ता तर बघायचाय, म्हणून ती मागे मोडून धरलेली. तीन तास. ताठ बसून मारलेले २०० वॉट आणि असं वाकून मारलेले २०० वॉट शरीरासाठी सारखे नसतात. सवय नसेल तर वाकल्यावर तेवढ्याच वॉटला हृदयाचे ठोके वाढतात, किंवा तेवढ्याच ठोक्यांना वॉट कमी पडतात.

विश्वास ठेवू नका, करून बघा. एका दिवशी वीस मिनिटं ताठ बसून, दोन दिवसांनी वीस मिनिटं एरोबारवर, दोन्ही वेळा पंखा तोच, वेळ तीच, ठोके साधारण तेवढेच. दोन्ही दिवसांचे सरासरी वॉट लिहून ठेवा. जो फरक येईल तो तुमचा. कुणाचा नगण्य निघतो, कुणाला बघून धक्का बसतो. ज्याला धक्का बसला त्याने समजावं की ताठ बसून दिलेल्या टेस्टच्या आकड्यावर तो शर्यतीचा वेग ठरवणार होता, आणि पन्नासाव्या किलोमीटरला त्याचे पाय बोलायचे बंद होणार होते.

खरं तर बहुतेकांचे पाय आधी थांबतच नाहीत, मान आणि कंबर थांबते. कुठल्याही लांब शर्यतीच्या रस्त्याकडेला उभे राहून बघा. सुरुवातीला सगळे एरोबारवर, छान, फोटोत शोभतील असे. चाळीस किलोमीटरच्या पुढे एकेक जण उठून बसायला लागतो. कंबर चोळतो, मान फिरवतो, पुन्हा दोन मिनिटं वाकतो, पुन्हा उठतो. हजारो रुपये मोजून घेतलेले दांडे आता नुसते वजन. आणि सायकल ठेवून पळायला निघाला की कंबर लाकडासारखी. पुढे २१ किलोमीटर आहेत.

मग हा सराव बाहेर का नाही करायचा? माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. एरोबारवर हात असताना ब्रेक हाताखाली नसतात. साध्या सायकलला लावलेले असोत की ट्रायथलॉनची खास सायकल, ब्रेक असतात बाजूच्या हँडलवर. खड्डा दिसला, कुत्रं आडवं आलं, रिक्षाने डावीकडून कट मारला, की हात तिथून उचलून ब्रेकवर न्यायचे, मग दाबायचे. आपल्या रस्त्यांवर एवढा वेळ मिळतो का, हे तुम्हीच सांगा. त्यात दोन्ही हात मध्यावर जवळ असल्यामुळे सायकल डोलते. नव्याने एरोबार लावून पहाटेच्या अंधारात हायवेवर वाकून जाणारी मुलं बघितली की मला त्यांचं कौतुक वाटत नाही, भीती वाटते. शरीराला वाकायची सवय लावायला आपल्याकडे सुरक्षित जागा एकच आहे, ती म्हणजे घरातला ट्रेनर. आणि नेमकं तिथेच आपण ताठ बसतो!

ट्रेनर सगळं शिकवतो असं मात्र नाही. तिथे सायकल घट्ट धरलेली असते, तोल सांभाळावा लागत नाही, वळण नाही, आडवा वारा नाही. ते शेवटी बाहेरच शिकायचं. पाऊस उघडल्यावर रिकाम्या, चांगल्या, ओळखीच्या रस्त्यावर, उजाडल्यावर, सोबत कुणीतरी असताना. पण तेव्हा मान आणि कंबर आधीच तयार असेल तर डोकं फक्त तोल सांभाळण्यात घालता येईल.

आणि घरात बसून खरी तयारी होते का, अशी शंका असेल तर ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू हेमनचं नाव शोधा. २०१६ च्या फेब्रुवारीत शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. बाहेर जाता येईना म्हणून घरात ट्रेनरवर बसला. एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे जिंकला, दगडी रस्त्यांची, भल्याभल्यांची हाडं खिळखिळी करणारी ती शर्यत.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. वाकून बसायचं म्हटल्यावर काही जण उद्यापासून सलग दोन तास एरोबारवर बसतील. दुखलं तर दात-ओठ खातील. बधिर झालं तर ‘मेंटल टफनेस’ म्हणून स्टोरी टाकतील. हे करू नका.

ट्रेनर हा रस्त्यापेक्षा शरीराला निर्दयी असतो. रस्त्यावर तुम्ही न कळत शंभर वेळा हलता. उतारावर पाय थांबवता, सिग्नलला खाली उतरता, चढावर सीटवरून उठता, सायकल डावी-उजवीकडे झुलते. ट्रेनरवर यातलं काहीच नाही. सीटवरचा दाब एकाच जागी, सतत. त्यात एरोबारवर वाकलं की कंबरेचं हाड पुढे कलतं आणि बसायच्या हाडांवरचं वजन पुढच्या नाजूक भागावर येतं. तिथून नस जाते, रक्तवाहिन्या जातात. तिथे मुंग्या येणं, बधिर होणं म्हणजे शरीराने दिलेली सूचना आहे, की इथे दाब पडतोय, उठ. तेव्हा उठायचंच. दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहायचं, बधिर वाटत नसलं तरी. आणि राईड संपल्यावरही बधिरपणा तसाच राहिला, किंवा दर वेळी यायला लागला, तर सीट बदला, पोझिशन बदला, आणि तरीही थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

यावर कुणी बोलत नाही, हीच अडचण आहे. गुडघा दुखतो म्हणून ग्रुपवर दहा मेसेज येतात. ‘खाली बधिर होतं’ असा मेसेज मी कधी पाहिला नाही. मुलं चेष्टेच्या भीतीने गप्प, मुली त्याहून गप्प, कारण ग्रुपवर बहुतेक पुरुष, कोच पुरुष, सायकल दुकानातला पुरुष. मग चुकीच्या सीटवर, घासल्याच्या जखमा आणि गळवं घेऊन मुली महिनोन् महिने सराव करतात आणि एके दिवशी सायकल सोडून देतात. लोक म्हणतात, तिला झेपलं नाही. सीट झेपली नव्हती! मध्ये पोकळी असलेल्या, पुढून दुभंगलेल्या, रुंद-अरुंद अशा कितीतरी प्रकारच्या सीट मिळतात. बायकांच्या बसायच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे जास्त असतं, त्यामुळे सायकलसोबत आलेली सीट त्यांना बोचण्याची शक्यता मुळातच मोठी. ग्रुपमधल्या एखाद्या ताईला विचारा, दोघी-तिघी मिळून सीट अदलाबदल करून बघा. कोच मंडळींनाही एक विनंती. मुलांनी सांगायची वाट बघू नका, तुम्हीच विचारा, जसं गुडघ्याबद्दल विचारता तसंच.

सांगायची वेळ आलीच आहे तर आणखी एक. गादीवाल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. त्या शिवणीच सगळं घासतात. आणि एकदा वापरलेली शॉर्ट्स न धुता दुसऱ्या दिवशी घालायची नाही, हॉस्टेलवर पाणी नसलं तरी. फिन्याँची जखम आठवा.

पैशांचं काय? ट्रायथलॉनची खास सायकल लाखांत जाते. बाईक फिटिंगच्या स्टुडिओची फी पॉकेटमनीतून निघत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं, चांगला फिटर असेल तर पैसे वसूल होतात. पण ज्यांना परवडत नाही त्यांनी हात चोळत बसायचं कारण नाही, कारण ट्रेनरवरची सायकल हाच अर्धा स्टुडिओ आहे. सायकल एका जागी उभी आहे, तुम्ही पेडल मारताय, बाजूला स्टुलावर मोबाईल ठेवून व्हिडिओ घेता येतो. रस्त्यावर हे कसं करणार?

आधी सायकल सपाट करा. मागचं चाक रोलरवर बसवायच्या ट्रेनरमध्ये मागची बाजू उचलली जाते आणि पुढचं चाक खाली राहतं. तसंच बसलात तर सगळं वजन हातांवर घसरतं आणि दोष पोझिशनला जातो. पुढच्या चाकाखाली ठोकळा घ्या. दुकानातला नको असेल तर जुनी जाड पुस्तकं चालतात, इंजिनीअरिंगवाल्यांकडे तर त्यांचा तोटा नाही. मोबाईलमधल्या लेव्हल ॲपने तपासा.

मग सीटची उंची. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा, कंबर न झुकता. लेमॉन्डच्याच नावाने ओळखलं जाणारं एक सूत्रही आहे. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि ०.८८३ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंतचं अंतर. ८० सेंटिमीटर असेल तर साधारण ७०.६. हा शेवटचा शब्द नाही, सुरुवात करायची जागा आहे. गुडघा पुढून दुखायला लागला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. मागून काढलेल्या व्हिडिओत कंबर डावी-उजवीकडे हलताना दिसली तर नक्कीच वर.

साध्या रोड सायकलला एरोबार लावले आणि सीट तिथेच ठेवली की बहुतेकांचा घोटाळा होतो. रोड सायकलची सीट मागे असते, ट्रायथलॉनच्या सायकलची पुढे, पेडलच्या जास्त वर. कारण धड वाकवूनही पोट-मांडीचा कोन उघडा ठेवायचा असतो. त्यामुळे सीट रुळांवर थोडी पुढे सरकवावी लागते, आणि पुढे सरकवली की पेडलपासूनचं अंतर कमी होतं म्हणून किंचित वर घ्यावी लागते. कोपरं खांद्यांच्या खाली किंवा थोडी पुढे येतील असं बघा. हात लांबवून ताणून बसलात तर खांदे दुखणार. आणि सुरुवातीला फार खाली वाकायच्या फंदात पडू नका. थोडं वर पण तीन तास टिकणारं बसणं हे खूप खाली पण दहा मिनिटांत उठायला लावणाऱ्या बसण्यापेक्षा कधीही वेगवान. एका वेळी एकच बदल, पाच मिलिमीटरचा, आणि मग किमान दोन-तीन राईड. एकाच संध्याकाळी ॲलन की घेऊन सगळं फिरवलं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काही कळणार नाही.

स्क्रीनची जागाही बदला. हँडलवरचा मोबाईल मान खाली घालायला लावतो. शर्यतीत नजर काही मीटर पुढे रस्त्यावर असते, म्हणून स्क्रीन सायकलच्या पुढे, खालच्या बाजूला, तशाच नजरेच्या रेषेत ठेवा. मानेचा खरा सराव तिथे होतो.

सवय लावायला मी काही तक्ता देणार नाही, प्रत्येकाची मान वेगळी. पण पहिल्या आठवड्यात तासाभराच्या राईडमध्ये पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे वाकून, मध्ये ताठ, एवढं पुरे. मग दहा, मग पंधरा. जोरदार इंटरव्हल सुरुवातीला ताठ बसूनच मारा, सोपी मिनिटं वाकून काढा. शरीर रुळलं की शर्यतीच्या वेगाची मिनिटं एरोबारवर न्या. गोव्याच्या महिनाभर आधी शर्यतीच्या वेगातला बहुतेक वेळ त्या पोझिशनमध्ये जायला हवा, मधल्या उठण्यांसकट. पाणी पिणं, जेल फोडणं, केळं खाणंही तिथेच करून बघा. वाकलेल्या पोटात अन्न जाणं ही वेगळीच गंमत असते, ती शर्यतीत कळू नये. आणि उतरल्यावर लगेच बूट घालून दहा मिनिटं पळा, पाऊस असेल तर पार्किंगमध्ये. कंबर काय म्हणते ते तिथे कळेल.

पंख्यात काटकसर नको. घरात वारा नसतो, त्यात आपली दमट हवा. घाम वाळत नाही, अंग तापतं, तेवढ्याच वॉटला ठोके चढत जातात. वाकल्यावर डोक्याचा घाम नेमका हँडलच्या जोडावर टपकतो आणि तिथले बोल्ट गंजतात, जे एरोबार धरून ठेवतात तेच. टॉवेल हवा तो तिथे, स्टेमवर. आणि राईडनंतर पुसून काढा.

हे सगळं प्रत्येकासाठी नाही. पहिलीच ट्रायथलॉन असेल, ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं अशी स्प्रिंट असेल, तर एरोबार विसरा. मित्राची सायकल घ्या, सीटची उंची नीट करा आणि मजा करा. एरोबार नसतानाही रोड सायकलवर ब्रेकच्या बोंडांवर हात ठेवून कोपरं वाकवून बसता येतं, त्याने वारा चांगलाच चुकतो. ट्रेनरवर तेही तितकंच घटवता येतं. खर्च शून्य. ग्रुपमधला कुणी तुम्हाला आधी चाकं घ्यायला सांगत असेल तर त्याला त्याचा बाजूने काढलेला व्हिडिओ मागा.

एवढं सगळं जमलं की सीटपोस्टवर, सीटच्या रुळांवर आणि एरोबारच्या दांड्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळून खुणा करा. मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गोव्याला जाताना सायकल खोक्यात जाते, ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी पडते, सीट काढली जाते, हँडल वळवलं जातं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मिरामारजवळ फुटपाथवर बसून, मित्राची ॲलन की उसनी घेऊन, अंदाजाने सीट लावणारे दरवर्षी असतात. तुम्ही टेप बघून लावा.